फोटो काढणाऱ्याचा की फोटोतल्याचा?

(द्वितीय वर्ष, कला)

छंदाविषयी बोलू लागले की दोन प्रकारची माणसे भेटतात. एक "वा, छान!" म्हणणारी, आणि दुसरी "त्यातून मिळतं काय?" असे विचारणारी. माझ्या घरी सगळी दुसऱ्या प्रकारातली आहेत, आणि त्यांचे फारसे चुकते असे मला वाटत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील खोपोलीला एका कारखान्यात कंत्राटावर आहेत. आई पावसाळ्यात लोकांच्या शेतावर लावणीला जाते आणि उन्हाळ्यात करवंदे-जांभळे घेऊन कर्जत स्टेशनबाहेर बसते. अशा घरातल्या मुलाने जुना फिल्मचा कॅमेरा गळ्यात अडकवून रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढत हिंडावे, हे कोणालाही चमत्कारिक वाटणारच. एका रोलमध्ये छत्तीस फोटो येतात. रोलची किंमत आणि तो धुऊन, स्कॅन करून घेण्याचा खर्च धरला तर हजार-बाराशे रुपये जातात. म्हणजे एका फोटोला तीस-तेहतीस रुपये पडतात. वडिलांनी हा हिशेब एकदाच ऐकला आणि म्हणाले, "म्हणजे बटण दाबलंस की दोन वडापाव गेले. ध्यानात ठेव." मी ते ध्यानात ठेवले आहे.

परंतु हा लेख खर्चाविषयी नाही. रस्त्यावरच्या माणसाचा त्याच्या नकळत काढलेला फोटो कोणाचा असतो, काढणाऱ्याचा की फोटोतल्याचा, हा प्रश्न गेली दोन वर्षे माझ्या डोक्यात घोळत आहे. त्याचे मला जे उत्तर सापडले ते आपणापुढे ठेवावे एवढाच हेतू.

बारावीची परीक्षा झाल्यावर, २०२४ च्या उन्हाळ्यात, मी तालुक्यातल्या एका रिसॉर्टवर कामाला लागलो. टेबले पुसणे, ताटे उचलणे, पाहुण्यांच्या गाडीतले सामान खोलीत नेऊन ठेवणे, असे काम. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांनी आपला तालुका कसा भरून जातो हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तेथल्या जेवणाच्या हॉलमध्ये भिंतींवर मोठमोठे फोटो लावले होते. धबधबा होता, भातखाचरे होती, बैलजोडी होती. पहिल्याच दिवशी काचांवरून फडके फिरवता फिरवता मी एका फोटोपाशी थांबलो. पोटरीपर्यंत चिखलात उभी असलेली, हातात रोपांची मूठ धरलेली एक बाई मागे वळून कोणाकडे तरी पाहून हसत होती. ती माझी आई होती.

फोटोखाली इंग्रजीत दोन शब्द होते. त्यांचा अर्थ 'पावसाळी हसू' असा काहीसा होईल. कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याची सही होती. आईचे नाव कोठेच नव्हते. ते त्याला ठाऊक असण्याचे कारणही नव्हते.

रात्री घरी आल्यावर मी आईला सांगितले. मला वाटले होते, ती रागावेल किंवा लाजेल. तिने विचारले, "कंची साडी होती अंगावर?"

"निळी."

"निळी म्हणजे लावणीची. खांद्यावर उसवलेली. तीच बरी दिसली त्याला!" मग भाकरी उलटता उलटता थोड्या वेळाने म्हणाली, "पण चांगला आलाय का?"

"चांगला आलाय."

"मग एक आपल्याला नको द्यायला?"

दुसऱ्या दिवशी मी तेथल्या मॅनेजरना भीतभीतच विचारले. ते मला काही वाईट बोलले नाहीत. "फोटो मालकांनी विकत घेतलाय, त्यांना विचारावं लागेल," एवढेच म्हणाले. महिन्याभराने माझे काम सुटले. फोटो तेथेच राहिला.

आईच्या त्या बोलण्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. 'माझा फोटो काढायची त्याची हिंमत कशी झाली' असे ती म्हणाली नाही. तिच्या तक्रारी दोनच होत्या. काढायचाच होता तर बऱ्या साडीत काढायचा होता, ही एक. आणि त्यातली एक प्रत आपल्याला मिळायला हवी होती, ही दुसरी. 'संमती', 'खासगीपणा' हे शब्द तिने कधी वापरले नाहीत. पण आपण कसे दिसावे हे ठरविण्यात आपला वाटा असावा आणि जे तयार झाले त्यातही असावा, एवढे तिला नेमके कळत होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. तो फोटो चांगला होता. आईला तसे हसताना मी घरी क्वचितच पाहिले आहे. आमच्याकडे तिचे दोनच फोटो होते, एक लग्नातला आणि एक आधार कार्डावरचा, आणि त्या दोन्हींत ती घाबरलेली दिसते. ज्याने तिला लावणीत हसताना पकडले त्याला नजर होती. फोटो वाईट असता तर मला इतके लागलेही नसते.

त्याच उन्हाळ्यात मी कॅमेरा घेतला. रागाने घेतला की हेव्याने, हे मला आजही सांगता येणार नाही. बाजारपेठेतले एक जुने स्टुडिओवाले काका दुकान आवरीत होते. त्यांच्या कपाटात पेंटॅक्स के-१००० होता. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षे हा कॅमेरा निघत होता. तो सगळा यांत्रिक आहे. बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजणाऱ्या काट्याला. ती संपली तरी फोटो निघतो. पगारातले साडेतीन हजार देऊन मी तो घेतला, आणि शिकवणी मात्र काकांनी फुकट दिली. स्वच्छ उन्हात अ‍ॅपर्चर सोळावर ठेवायचे आणि शटर फिल्मच्या वेगाएवढे. फिल्म चारशेची असेल तर शटर पाचशेवर. ढग आले की अ‍ॅपर्चर उघडत जायचे. रस्त्यावर फोकस जुळवीत बसायला वेळ मिळत नाही, म्हणून पन्नासची लेन्स आठवर ठेवून अंतर तीन मीटरवर बांधून टाकायचे; मग साधारण सव्वादोन मीटरपासून चार मीटरपर्यंतचा माणूस स्वच्छ येतो. काकांच्या उमेदीच्या काळात उटीच्या सरकारी कारखान्यातली 'इंदू' फिल्म मिळत असे. हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही ती कंपनी १९६० साली स्थापन झाली होती. आता ती बंद आहे. आज हाती येणारी फिल्म बाहेरच्या देशातून येते आणि म्हणूनच ती इतकी महाग पडते.

काळी-पांढरी फिल्म मी आता घरीच धुतो. रात्री दिवे मालवून, दोन गोधड्यांखाली हात घालून, ती चाचपडत रिळावर चढवायची. डेव्हलपरचे तापमान वीस अंश असावे लागते, आणि आपल्याकडे मे महिन्यात नळाचे पाणी तीसच्या वर असते. मग माठातले पाणी घ्यायचे, त्यात बर्फ टाकायचा, थर्मामीटर धरून बसायचे. माझ्या फिल्मला या डेव्हलपरमध्ये साडेसात मिनिटे लागतात. आई म्हणते, बाळंतिणीच्या अंघोळीलाही कोणी एवढं पाणी जोखत नाही.

नकळत काढलेल्या फोटोला 'कँडिड' म्हणतात. त्यासाठी कर्जत स्टेशनासारखी जागा नाही. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढण्यासाठी मागून इंजिने लागतात. तेवढ्या वेळात वडे विकणारे खिडक्याखिडक्यांतून हात घालून गिऱ्हाईक गाठतात. खोपोली लोकल तर माझ्या रोजच्या ओळखीची. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. कोणत्या स्टेशनावर कोणती माणसे चढतात हे मला पाठ आहे. पहिल्या चार रोलांत मी काय केले? कॅमेरा छातीशी धरायचा, नजर दुसरीकडे ठेवायची, बटण दाबायचे आणि चालू पडायचे. आईला लावणीत पकडणाऱ्याने जे केले असेल, तेच. आपल्याला कोणी पाहिले नाही याचा मला अभिमानही वाटत असे.

चार रोल धुऊन झाल्यावर एके रात्री मी सगळ्या फोटोंच्या छोट्या प्रती जमिनीवर मांडल्या. हमाल, वडेवाले, मोळी घेऊन येणाऱ्या बाया, फलाटावर निजलेली माणसे, बूटपॉलिशवाला, रानभाजीवाल्या. एकही डॉक्टर नव्हता. एकही प्राध्यापक नव्हते, पोलीस नव्हते, गाडीतून उतरणारा पाहुणा नव्हता. ही माणसे काय रस्त्यावर येत नाहीत? रोज येतात. मग माझा कॅमेरा त्यांच्याकडे का वळला नाही? कारण साधे आहे. त्यांनी हटकले असते तर मला उत्तर देणे जड गेले असते. ज्याच्या रागाची आपल्याला भीती नाही त्याचाच फोटो आपण न विचारता काढतो. 'रस्त्यावरचे जीवन' म्हणून आपण जे टिपतो, त्यात हे भित्रेपण किती असते याचा प्रत्येक हौशी छायाचित्रकाराने एकदा तरी हिशेब करावा असे मला वाटते. माझा हिशेब चांगला निघाला नाही.

त्या प्रतींमध्ये एक फोटो मात्र फार चांगला होता. पळसदरीच्या फलाटावर करवंदांच्या रिकाम्या टोपलीला टेकून एक म्हातारी आजी निजली होती. तिसऱ्या प्रहरचे ऊन तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर होते आणि एक हात टोपलीच्या काठावर तसाच राहिला होता. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी तोच पाठवायचा असे मी ठरविले होते. पण आईचे बोलणे मनातून जात नव्हते. स्पर्धेची तारीख जवळ आली होती. मी एक मोठी प्रत काढून घेतली आणि पळसदरीला गेलो.

आजीने फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "ही मी?"

"हो, आजी."

"निजलेली कशाला काढलीस रं? मेल्यावानी दिसतंय. उठवायचं की मला."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यातला उजेड चांगला आहे, हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार? तिने फोटो माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, "आता काढ." मग नळावर जाऊन तोंड धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि फलाटाच्या भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली. टोपली पायाशी होती. मला ती फोटोत हवी होती. आजीने ती पायाने बाजूला सारली. "टोपली नको," म्हणाली.

हा दुसरा फोटो कलेच्या पुस्तकातल्या कोणत्याही कसोटीला उतरणार नाही. हात दोन्ही बाजूंना सरळ, चेहऱ्यावर हसू नाही, नजर थेट कॅमेऱ्यात. जुन्या स्टुडिओतल्या फोटोसारखा. पण मी आठ दिवसांनी तो नेऊन दिला तेव्हा आजीने तो पिशवीत न ठेवता आधी शेजारच्या दोघींना दाखविला. निजलेला फोटो मी स्पर्धेला पाठविला नाही. मित्रांनी मला वेड्यात काढले. एक जण म्हणाला, "तुला काय ती शोधत येणार होती?" खरे आहे, ती शोधत येणार नव्हती. माझी आईही त्या रिसॉर्टवर शोधत गेली नव्हती.

नकळत काढलेला फोटो खरा आणि समोर उभे राहून काढलेला फोटो खोटा, असे आपण हौशी लोक धरून चालतो. आता मला तसे वाटत नाही. ज्यांचे रोज दहा फोटो निघतात त्यांना बेसावध दिसण्यात गंमत वाटते. ज्यांचा आयुष्यात दोन-तीनदाच फोटो निघाला त्यांना ताठ उभे राहावेसे वाटते, फाटकी साडी नको असते, टोपली नको असते. तेही खरेच आहे. ते त्यांनी स्वतः निवडलेले असते एवढाच फरक.

कायदा काय म्हणतो हेही मी वाचून पाहिले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा माणूस, आणि सर्वसाधारणपणे पहिला मालकही तोच. मात्र कोणी मोबदला देऊन आपला फोटो काढवून घेतला, तर वेगळा करार नसल्यास मालकी पैसे देणाराची होते. म्हणजे काकांच्या स्टुडिओत पैसे मोजून काढून घेतलेला फोटो गिऱ्हाइकाचा, आणि शेताच्या बांधावरून न विचारता काढलेला फोटो काढणाऱ्याचा! विचारून काढला तर कमी हक्क आणि न विचारता काढला तर पूर्ण हक्क, असा हा उफराटा प्रकार आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. परंतु न्यायालयापर्यंत जाणे कोणाला परवडते हा प्रश्न उरतोच. म्हणून ही गोष्ट कायद्यापेक्षा आपल्या रीतीची आहे असे मला वाटते.

आणि ही रीत आपल्याकडे पहिल्यापासूनच बिघडलेली आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी आपली माणसेही त्या मंडळींत होती. परंतु त्याच काळात विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रज छायाचित्रकाराने मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ साली. त्याने माणसांचे फोटो वेगळे काढले, मुंबईतल्या जागांचे वेगळे काढले, आणि माणसे कापून त्या जागांवर बसविली. खाली नाव जातीचे. माणसाचे नाव काय, तो खरोखर तेथे उभा होता का, याच्याशी कोणाला देणेघेणे नव्हते. १८६३ म्हणजे ज्या वर्षी आपल्या कर्जतवरून बोरघाटात पहिल्यांदा रेल्वे चढली ते वर्ष. तो घाट फोडताना हजारो मजूर मेले. त्यांच्यातल्या किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत?

हा केवळ साहेबाचा दोष होता असेही नाही. अमेरिकेत मंदीच्या काळात, मार्च १९३६ मध्ये, डोरोथिया लँग या छायाचित्रकर्तीने कॅलिफोर्नियातल्या मजुरांच्या छावणीत एका आईचा मुलांसह फोटो काढला. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रांत त्याची गणना होते. लँग भल्या मनाची बाई होती. मजुरांची दैन्यावस्था सरकारला दिसावी म्हणूनच ती हिंडत होती, आणि फोटो छापून आल्यावर त्या छावणीला अन्नही पोहोचले. परंतु तोवर ती आई पुढच्या गावाला निघून गेली होती. लँगने तिचे नाव विचारले नव्हते. ते जगाला कळले १९७८ साली: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. मला एक प्रत पाठवीन असे कबूल केले होते, ती कधी आली नाही, अशी तिची तक्रार होती. हे मी आपल्या ग्रंथालयात बसून वाचले तेव्हा मला माझ्या आईचाच आवाज ऐकू आला. कॅलिफोर्निया असो की कर्जत, मागणी एकच: मग एक आपल्याला नको द्यायला?

आता दुसरी बाजू. माझा एक मित्र मोबाईलवर फार सुंदर फोटो काढतो. त्याचे म्हणणे असे की विचारले की फोटो मेला. माणूस सावध होतो, केस सारखे करतो, आणि जे दिसले होते ते निघून जाते. हे खोटे नाही. फ्रान्सचा कार्तिए-ब्रेसाँ छोटा लायका कॅमेरा घेऊन जगभर हिंडला आणि कोणाला न विचारता क्षण टिपत गेला. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या अखेरच्या दिवसांत तो दिल्लीत होता, आणि त्यांच्या अंत्ययात्रेची त्याची छायाचित्रे आज इतिहास झाली आहेत. त्या गर्दीत तो परवानगी मागत फिरला असता का? माझे म्हणणे सगळीकडे आधी विचारावे असे नाही. आधी विचारता येत नसेल तर नंतर सांगावे. पण सांगावे.

आपल्या मराठी छायाचित्रकारांनी वेगळी वाट दाखविली आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबईतल्या सफाई कामगारांचे काळे-पांढरे फोटो काढले. ते त्या कामगारांच्या कामावर गेले, घरी गेले, पुन्हा पुन्हा गेले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांबरोबर गावोगाव हिंडून 'तमाशा : एक रांगडी गंमत' हे पुस्तक केले. या फोटोंतली माणसे बेसावध असतात, पण फसविलेली वाटत नाहीत. ओळख झाल्यावर माणूस कॅमेरा विसरतो. असे विसरणे आणि कॅमेरा लपविणे यांत फार अंतर आहे.

आणि येथे मला फिल्मची बाजू मांडावयाची आहे. मोबाईलवर फोटो काढला तर जागच्या जागी दाखविता येतो, नको असेल तर पुसता येतो. फिल्मवर यातले काहीच जमत नाही. रोल संपायला पंधरा दिवस, धुवायला आणि प्रत काढायला आणखी काही दिवस. म्हणून फिल्मवाल्याला त्या माणसाकडे परत जावेच लागते. ही मी अडचण समजत असे. आता सोय समजतो. मुंबईच्या रस्त्यावरचा माणूस गर्दीत नाहीसा होतो. आपल्याकडे तसे होत नाही. वडेवाला उद्याही त्याच फलाटावर असतो, रानभाजीवाली पुढच्या बाजाराला त्याच कोपऱ्यावर बसते. ज्याला परत भेटायचे आहे त्याचा फोटो माणूस वेगळ्या मनाने काढतो. छत्तीसच फोटो असल्यामुळे कोणाचा काढायचा याचाही विचार होतो.

एक आक्षेप मात्र मला अजून पूर्णपणे सोडविता आलेला नाही, तो सांगतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. मी तेव्हा बारावीत होतो. सत्तावीस मृतदेह सापडले आणि सत्तावन्न माणसे बेपत्ताच राहिली. गाडीरस्ता नसलेल्या त्या वाडीपर्यंत बचावाची माणसे पायी चढून गेली, आणि त्यांच्यामागून कॅमेरेही. रडणाऱ्या बायांचे फोटो दुसऱ्या दिवशी आमच्या सगळ्यांच्या मोबाईलवर होते. मी पाहिलेल्या कित्येक फोटोंखाली कोणाचेही नाव नव्हते. ते फोटो काढू नयेत असे म्हणावे, तर महाराष्ट्राला ती वाडी दिसली कशी असती? मदत कशी धावली असती? आणि काढावेत असे म्हणावे, तर ज्या बाईचे सगळे घर मातीखाली गेले आहे तिला आपण काय विचारणार? अशा वेळी काढणारा बरोबर की चूक, हे मला सांगता येत नाही. एवढे मात्र वाटते की मदत येऊन गेल्यावर, गर्दी ओसरल्यावर, त्या माणसांकडे कोणी तरी परत जावे, हा तुमचा फोटो आहे, याचे काय करू, असे विचारावे. उत्तर काहीही येवो, विचारले पाहिजे.

तर माझे उत्तर असे. फोटो काढणाऱ्याचा असतो, पण एकट्या काढणाऱ्याचा नसतो. डोळा त्याचा, खर्च त्याचा; चेहरा दुसऱ्याचा. म्हणून मी स्वतःला तीन नियम घालून घेतले आहेत. ज्याचा फोटो काढला त्याला नाव विचारायचे आणि आपलेही सांगायचे. एक प्रत नेऊन द्यायची. छोटी प्रत दहा-पंधरा रुपयांत निघते. आणि त्याने नको म्हटले तर तो फोटो, कितीही चांगला असला तरी, कोठे दाखवायचा नाही. आजीची ती निगेटिव्ह माझ्याजवळ पाकिटात आहे. रोलमध्ये ती अठरावी आहे. तिची प्रत मी पुन्हा काढलेली नाही. मोह होत नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल.

शेवटी आपल्याच घरचे एक सांगणे. आपल्या वार्षिकांकात दरवर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचे फोटो येतात. झाडू हातात घेतलेले आपण पुढे असतो, आणि मागे वाडीतली माणसे उभी असतात. आपली नावे डावीकडून उजवीकडे छापलेली असतात. त्यांच्या नावाच्या जागी 'ग्रामस्थ' असतो. या वर्षीपासून संपादक मंडळाने त्यांचीही नावे विचारून घ्यावीत, आणि अंक निघाल्यावर दोन प्रती त्या वाडीत पोहोचवाव्यात, अशी माझी विनंती आहे. नेऊन देण्याचे काम मी करतो. लोकलचा पास माझ्याकडे आहेच.

या लेखासोबत छापण्यासाठी सरांनी माझ्याकडे एखादा फोटो मागितला होता. निजलेल्या आजीचा देण्याचा मला हक्क नाही. उभ्या आजीचा द्यावा म्हणून मी मुद्दाम पळसदरीला जाऊन विचारून आलो. ती म्हणाली, "पुस्तकात नको. माझ्या घरात ऱ्हाऊ दे." म्हणून हा लेख फोटोशिवायच देत आहे.